‘बरं हाय’ म्हणजे किती

सर, तुमचं रजिस्टर माझ्याकडे आहे. हिरव्या कापडी पाठीचं, लांबट, ज्याला तुम्ही सातबारा म्हणायचात आणि ते लिहिते म्हणून मला तलाठीबाई. तुम्ही गेल्यावर लातूरचं हॉस्पिटल दुसऱ्या कुणी घेतलं, तेव्हा जुने कागद पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवले होते. मी एका दुपारी गेले, झाडणाऱ्या मावशींना म्हटलं माझं एक रजिस्टर राहिलंय, आणि काढून घेऊन आले. चोरलं म्हणालात तरी चालेल. त्यातलं बहुतेक अक्षर माझंच आहे. याच रजिस्टरवर विसंबून मी माझ्या वडिलांच्या मेंदूच्या ऑपरेशनला सही दिली, आणि त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही होता तोवर ते झालं नाही. तुमच्या तेराव्याला नांदेडला ये म्हणून दोघातिघांचे फोन आले होते. ड्यूटी आहे असं मी सांगितलं. ड्यूटी नव्हती.

आता मी नांदेडलाच नोकरी करते. तुमच्या मूळ घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊन अडकलेली गाठ ओढून काढतात, त्या खोलीत मी टेक्निशियन आहे. तुमच्या वेळी हे पुण्या-हैदराबादला व्हायचं, आणि तुम्ही म्हणायचात, आपल्याकडे यायला वीस वर्षं लागतील. तितकी लागली नाहीत. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी पेशंटच्या घरी फोन करत होती. ऑपरेशनला तीन महिने झाले की करतो तो फोन. पलीकडून काहीतरी उत्तर आलं, ही म्हणाली, “बरं आहे ना, बरं बरं,” आणि तिनं रकान्यात दोन लिहिले. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाले, “‘बरं’ हा आकडा नाही.” मुलगी घाबरली. मला मात्र वाक्य ओळखीचं वाटलं, आणि जरा वेळानं आठवलं की ते तुमचं आहे. ऑपरेशन चालू असताना भूलतज्ज्ञ म्हणायचे, रक्त थोडंसं गेलंय, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, “थोडंसं हा आकडा नाही.” तुमचं वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघावं याचा मला फार राग आला. हे पत्र त्या रागातून लिहितेय.

मी तुमच्याकडे लागले ते लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी. थिएटरमध्ये हात धुवायला वाहतं पाणी लागतं आणि नळ कोरडे. म्हणून मी स्टुलावर उभी राहायची आणि तुमच्या कोपरांवरून मगानं धार सोडायची. खाली टब ठेवलेला, त्यातलं पाणी संडासाला जायचं. तीन मग, चौथा नाही. नंतर तो स्पिरिटच्या वासाचा द्रव हाताला चोळायचा. तुम्ही डोळे मिटून धारेखाली हात फिरवायचात आणि मी मनात मोजायची. भांडी वाफेवर निर्जंतुक करायलाही पाणी हवं, म्हणून टँकर आला नाही त्या दिवशी तुम्ही थांबू शकणारी ऑपरेशनं पुढे ढकलायचात. न थांबणाऱ्यांसाठी एक पिंप झाकून ठेवलेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. माझ्या भाड्याच्या खोलीवर आम्ही तिघी राहायचो, घरमालकाची बोअर आटलेली. मी त्याबद्दल कधी तुमच्याजवळ बोलले नव्हते. तरी एका सोमवारी टँकरवाला आमच्या दारात दोन जार ठेवून गेला. म्हणाला, “सायबांनी सांगितलंय.” पाऊस पडेपर्यंत दर सोमवारी ठेवत गेला. तुम्ही त्याचा शब्दानं उल्लेख केला नाहीत, मीही नाही. ते पाणी मी प्याले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी काही लपवतेय असं वाटायला नको.

आणि तुम्ही हातानं चांगले होता हेही सांगते. कवटी उघडली की आत कापसाच्या चिमुकल्या पट्ट्या ठेवतात, प्रत्येकीला दोऱ्याची शेपटी, कारण एखादी आत राहिली तर माणूस जातो. त्या मोजणं माझं काम. एकदा आत गेल्या बावीस आणि बाहेर आल्या एकवीस. तुम्ही तसेच उभे राहिलात, चाळीस मिनिटं. भूलतज्ज्ञ म्हणाले, “सर, कचऱ्यात गेली असेल.” तुम्ही म्हणालात, “मग कचरा मोजा.” आम्ही कचरा फरशीवर पसरून मोजला. शेवटी ती पट्टी तुमच्याच चपलेच्या तळाला चिकटलेली सापडली. तुम्ही विचारलंत, “तलाठीबाई, बावीस?” “बावीस, सर.” “चला, बंद करू.” त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण योग्य माणसाच्या हाताखाली आलो. मला आकडे जुळलेले आवडतात, लहानपणापासून. म्हणून पुढच्या गोष्टीचा राग जास्त आहे. डोकं उघडं असेपर्यंत तुम्ही खरे असायचात. टाके पडले की तुमचा हिशेब सैल व्हायचा.

रजिस्टरचा शेवटचा रकाना तीन महिन्यांनंतरचा. त्यात शून्य ते सहा असा एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. दोन म्हणजे थोडं अधूपण, पण स्वतःचं सगळं स्वतः करतो. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, पाच म्हणजे खाटेवर पडून, सहा म्हणजे मेला. जगभर हीच पट्टी वापरतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यानंतर तुम्ही मला शिकवलंत की फोनवर प्रश्न एकच विचारायचा: पेशंट कसे आहेत? “फोनवर कोर्ट भरवायचं नाही,” तुम्ही म्हणालात. उत्तराचं काय करायचं तेही सांगितलंत. ‘बरं हाय’ म्हणाले तर दोन. ‘तसंच हाय’ म्हणाले तर चार. ‘गेले’ म्हणाले तर सहा. आज मी रजिस्टर उलगडलं की शेवटच्या रकान्यात तेव्हाच्या निळ्या शाईत दोन, चार आणि सहा हेच दिसतात. एक नाही, तीन नाही, पाच नाही. कुणीही नुसती नजर फिरवली असती तरी कळलं असतं की इतकी सम माणसं कुठल्याच जिल्ह्यात आजारी पडत नाहीत. तुम्ही त्या आकड्यांच्या स्लाइड केल्यात आणि डॉक्टरांच्या बैठकीत दाखवल्यात. कुणी काही विचारलं नाही, असं तुम्ही परत आल्यावर खुशीत सांगितलंत.

जळकोटच्या बाई तुम्हाला आठवतील. नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, तुम्ही गाठ काढली, माणूस वाचला. तीन महिन्यांनी मी फोन केला. “बरं हाय की मॅडम,” त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी खाकरत होतं. त्या दिवशी काय झालं माहीत नाही, मी पुढे विचारलं, “स्वतःच्या हातानं जेवतात का?”

“हातानं?” त्या म्हणाल्या. “हात कुठं हाय त्यास्नी. लोंबतोय नुसता.”

“संडासला?”

“म्या हाय की. खाटंवरच हाय सगळं.”

“बोलतात का?”

“बोलत्यात. शिव्या लई देत्यात.”

“मग तुम्ही बरं कसं म्हणालात?”

त्या म्हणाल्या, “मग काय म्हणू? तुमी इचारलं कसं हाय. इचारणाऱ्याला बरंच म्हणत्यात न्हवं.”

मी त्या ओळीत पाच लिहिले. रजिस्टरमधला पहिला पाच. पुढच्या आठवड्यात बाई दिराला घेऊन ओपीडीत हजर. दीर म्हणाला, मॅडमनं इतकं खोदून विचारलं म्हणजे ऑपरेशनात कायतरी चुकलंय, खरं काय ते सांगा. तुम्ही त्यांना आत बसवलंत, चहा मागवला, तासभर बोललात, आणि दोघं समाधानानं गेले. मग तुम्ही थिएटरमध्ये आलात. दोन नर्स होत्या, भूलतज्ज्ञ होते, वॉर्डबॉय होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “तलाठीबाई,” तुम्ही म्हणालात, “तुला नोंद करायला ठेवलंय. बांध कोरायला नाही.” सगळे हसले. दुसऱ्याच्या शेतात हळूहळू नांगर सरकवणाऱ्याला आपल्याकडे हा शब्द आहे, आणि तो ‘चोर’ म्हटल्यापेक्षा वाईट लागतो. मग तुम्ही रजिस्टर मागवलंत, माझा पाच खोडलात आणि स्वतःच्या पेनानं दोन लिहिलेत. “ती बाई जिवंत नवऱ्याला घेऊन घरी आहे,” तुम्ही म्हणालात. “तिला तू विचारलंस हात कुठाय. तिला काय मिळालं त्यातून? तुला काय मिळालं?” मला पाच मिळाला होता, सर. त्यानंतर मी एकच प्रश्न विचारत गेले आणि दोन लिहीत गेले. किती वेळा, ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

आता अप्पा. माझे वडील, उदगीरच्या मोंढ्यात धान्याची लहानशी अडत. मी तुमच्याकडे लागले त्याला तीन वर्षं झाली, पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला, आणि उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर मांडव पडला होता आणि मोंढ्यातले व्यापारी पाळीपाळीनं तिथं बसायचे. अप्पा आपली पाळी सोडून दुसऱ्यांच्याही पाळीला बसायचे. मी घरी गेले की म्हणायचे, “एकदा जिल्हा होऊ दे. मोठा सरकारी दवाखाना येतोय. मग तुला लातुरात खोली करून ऱ्हायचं कामच न्हाई.”

मी म्हणायची, “अप्पा, जिल्हा झाला म्हणून मेंदूचा डॉक्टर येत नसतो.”

“येतो गं. आधी कलेक्टर येतो. बाकीचे त्याच्या मागनं येत्यात.”

ज्या दिवशी हे झालं, त्या दिवशी मोंढा बंद होता, सगळे मांडवात. टँकर आल्याचं कळलं म्हणून अप्पा एकटेच दुकानात पिंप भरायला आले. आमचे हमाल मामा, जे मला मांडीवर खेळवल्याचं अजून सांगतात, ते बऱ्याच वेळानं तिकडे फिरकले तर अप्पा हरभऱ्याच्या पोत्यांना टेकून बसलेले, घामानं निथळलेले. उन्हाळा तो तसला. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. ऊन लागणं, फिट येणं, लकवा होणं, हार्टचं होणं, या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द: झटका. नाकाला कांदा लावला, आणि नुकतं भरलेलं पिंप निम्मं त्यांच्या डोक्यावर ओतलं. पाण्याचा थेंब मोजून वापरायच्या दिवसांत इतक्या प्रेमानं ओतलं. मग पंख्याखाली निजवलं, उतरेल म्हणून वाट पाहिली. मला फोन आला तेव्हा दुपार कलली होती.

“ताई, अप्पांना उन्हाचा झटका आलाय. घाबरू नगा.”

“मामा, तोंड वाकडं झालंय का?”

“जरा वाकडं दिसतंय. पर ते उन्हानं आसंल.”

“बोलतायत?”

“हाव म्हणत्यात.”

“आणखी काय म्हणतायत?”

“हावच म्हणत्यात.”

मला तेव्हाच कळलं, हे ऊन नाही, मेंदू आहे. मी विचारलं, शेवटचं धड कधी बोलले? मामा म्हणाले, टँकर आला तवा. मी विचारलं, टँकर किती वाजता आला? मामा म्हणाले, “टँकर काय घड्याळ बघून येतोय का ताई?” गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तास कुठून मोजायचे तेच कुणाला सांगता येत नव्हतं. अप्पांना लातूरला आणलं, स्कॅनमध्ये डावी बाजू काळवंडायला लागली होती. तुम्ही म्हणालात, “वेळ माहीत नाही, इंजेक्शन नाही. अंदाजावर मी औषध देत नसतो.” ते बरोबर होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अंदाजावर औषध न देणारा माणूस अंदाजावर आकडे कसे लिहवून घेत होता, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची शुद्ध उतरू लागली. तुम्ही मला फिल्मपाशी नेलंत. मेलेला भाग सुजतोय, कवटीत जागा नाही, आता डाव्या बाजूचं हाड काढून सुजेला वाट द्यायची. तळहाताहून मोठा तुकडा. तो पोटाच्या कातडीखाली जपून ठेवायचा आणि सूज उतरली की परत बसवायचा. हे मला पाठ होतं, मी दहा वेळा तुमच्या हातात ड्रिल दिलं होतं. मी विचारलं, “सर, डावी बाजू आहे. बोलणं?”

“आधी जीव.”

“जीव वाचल्यावर कसे असतात असे पेशंट?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चिडून नाही, जरा नवलानं. “मला काय विचारतेस? तूच तर मोजलेत. काढ सातबारा, बघ.”

मी काढला, सर. असल्या ऑपरेशनच्या ओळी शोधल्या. दोन, दोन, सहा, दोन, चार, दोन. माझं अक्षर, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. यातला प्रत्येक दोन कसा तयार झाला ते जगात मला एकटीला पक्कं माहीत होतं. आणि तरी ते वाचून मला धीर आला. कोरीडॉरमध्ये उभी राहून मी माझ्याच हातचं खोटं वाचलं आणि ते खरं धरलं. मी आत जाऊन सही केली. आईला, अव्वाला, म्हणाले, “बरे होतात असे पेशंट. मी लिहिलंय.”

अप्पांच्या गळ्यात आम्हा लिंगायतांचं चांदीच्या डबीतलं लिंग होतं. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं काढतात. अव्वा अडून बसली. जन्मल्यावर बांधलेलं, ते माणूस मातीत जाताना त्याच्याबरोबर जातं. ते आत्ता काढलं तर तिच्या दृष्टीनं अप्पा गेलेच. नर्स तिच्याशी वाद घालत होती. तुम्ही येताना ऐकलंत आणि म्हणालात, “काढू नका. कापडात गुंडाळून उजव्या दंडाला पट्टी मारा. डाग द्यायच्या यंत्राचा करंट तिकडून जाणार नाही, मी बघतो.” अव्वा तुमच्या पाया पडली. ती अजून तुमचं नाव काढते आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. मी सवयीनं कपडे बदलायला निघाले तर तुम्ही दारात अडवलंत. “बाहेर बस. आज तू नातेवाईक आहेस.” मी बाकावर बसले. बऱ्याच वेळानं नर्सनं दार किलकिलं केलं आणि खास मला सांगितलं, “पट्ट्या जुळल्या, ताई.”

अप्पा वाचले. तुमच्या हाताला यश होतंच. उजवी बाजू गेली ती गेलीच. डोक्याच्या डाव्या बाजूला हाड नव्हतं तिथं खळगा पडला, खोकला आला की तो वर यायचा. पोटाला हात लावला की कातडीखाली हाडाची कड लागायची. बोलणं एका शब्दावर, होकाराच्या ‘हाव’वर, येऊन थांबलं. भूक लागली का? हाव. पोट भरलं का? हाव. दुखतंय? हाव. मांडवातले व्यापारी भेटायला आले, एकजण वातावरण हलकं करायला म्हणाला, “काय अप्पा, जिल्हा झालाच पायजे ना?” अप्पा म्हणाले, हाव. सगळे हसले, अप्पाही हसले, मग त्यांच्या अर्ध्या तोंडातून लाळ आली आणि अव्वानं पदरानं पुसली. ते असे चार वर्षं जगले. हाड परत बसवायला तुम्ही नव्हता, त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. ते दुसऱ्या कुणीतरी नांदेडला बसवलं. जिल्हा अजून झालेला नाही.

सर, मी डॉक्टर नाही, पण इतकं मला कळतं की ऑपरेशन केलं नसतं तर अप्पा त्याच आठवड्यात गेले असते. कुठल्याही पुस्तकात ऑपरेशन करा असंच लिहिलेलं सापडेल. मला जाब त्याचा विचारायचा नाही. तुम्ही मला सांगायला हवं होतं: जगतील, पण पाचावर जगतील, बोलणार नाहीत, आता बोल काय करू. कदाचित मी तरीही सही केली असती. पण ती माझी सही झाली असती. जी झाली ती ‘बरं हाय’ची होती.

मी तुमची नोकरी सोडली आणि रजिस्टर हाती लागल्यावर एक काम केलं. त्यातल्या प्रत्येक दोनला परत फोन केला. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, माझ्या पैशानं. ज्यांचे नंबर बदलले होते त्यांच्या गावी गेले. रेणापूरकडच्या दोन वस्त्यांवर तर पायी. सहा प्रश्न विचारले आणि जुन्या आकड्याशेजारी लाल शाईनं खरा आकडा लिहिला. काही दोन खरेच दोन निघाले, हेही मला लिहावं लागलं. एकजण तर भावाच्या लग्नात नाचून आला होता. पण तीन निघाले, पाच निघाले, पुष्कळ निघाले. जळकोटच्या बाईंच्या ओळीत तुमच्या दोनशेजारी मी पुन्हा पाच लिहिला. तोवर तो खरं म्हणजे सहा झाला होता, पण तीन महिन्यांनंतरचा आकडा पाचच.

आता माझ्या हाताखालच्या मुलींना मी सहा प्रश्न शिकवते, पण त्याआधी एक वाक्य बोलायला लावते: “पेशंटजवळ असाल तर जरा अंगणात या, मग बोलू.” त्या विचारतात, हे कशाला? मी सांगते, नियम आहे. कारण सांगत नाही. कारण असं आहे.

अप्पांना तीन महिने झाले तेव्हा मी रजेवर उदगीरला होते. अव्वा त्यांना ज्वारीची पेज भरवत होती, मी मानेखाली हात देऊन धरलं होतं. फोन वाजला. हात मोकळा नव्हता म्हणून मी तो खाटेवरच ठेवून स्पीकर चालू केला. रजेपुरती माझ्या जागी आलेली मुलगी होती, तिला सगळं मीच शिकवलं होतं.

“ताई, काकांना तीन महिने झाले ना. फोन करायचा असतो म्हणून केला.”

“हं.”

“कसे आहेत काका?”

अव्वाचा चमचा हवेत थांबला. अप्पांनी डोळे वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना किती कळत होतं हे मी कुठल्याही पट्टीवर मोजू शकले नाही, पण प्रश्न त्यांच्याबद्दल आहे एवढं कळलेलं होतं, आणि ते उत्तराची वाट पाहत होते.

“बरे आहेत,” मी म्हणाले.

“मग दोन लिहू, ताई?”

मी सहाच्या सहा उत्तरं देऊ शकत होते. “लिही,” म्हणाले. अव्वानं चमचा अप्पांच्या तोंडात घातला.

तो दोन त्या मुलीच्या अक्षरात आहे. रजिस्टर आत्ता माझ्यापुढे उघडं आहे, लाल पेनही आहे. बाकी सगळ्या ओळी मी दुरुस्त केल्या. ही एक केलेली नाही.